बांधाशी थांबणारे रस्ते

जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी तुकडेबंदी कायदा शिथिल करण्याची घोषणा विधानसभेत केली, तेव्हा राज्यभरातील छोट्या भूखंडधारकांना दिलासा मिळाला. त्याआधी २००१ च्या गुंठेवारी कायद्याने आणि २०२१ मधील त्याच्या दुरुस्तीनेही हेच केले होते. भूखंड नियमित होतो. परंतु त्या भूखंडासमोरची गल्ली पुढे कोठे जाते, हा प्रश्न प्रत्येक वेळी अनुत्तरितच राहतो.

गुंठेवारीचे मूळ दुखणे येथेच आहे. जमीनमालक आपल्या गटापुरते प्लॉट पाडतो आणि त्याच्या गल्ल्या शेजाऱ्याच्या बांधाशी येऊन थांबतात. पुढे शेजारचा गटही विकला जातो, पण त्याची आखणी वेगळी असते. परिणामी, भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन वसाहतींतील रहिवाशांनाही एकमेकांकडे जाण्यासाठी मुख्य रस्त्याला वळसा घालावा लागतो. तेथे कोंडी वाढते, पायी चालणारा दुचाकी घेतो आणि अग्निशमन दलाच्या गाडीला वाट शोधावी लागते.

ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि ॲडम मिलार्ड-बॉल या संशोधकांनी २०२० मध्ये जगभरातील रस्त्यांच्या जाळ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९७५ नंतर जगाच्या अनेक भागांत नवे रस्ते एकमेकांशी कमी जोडलेले होत गेले, असे त्यातून दिसते. अमेरिकेत मात्र नव्वदच्या दशकाच्या मध्यानंतर ही घसरण थांबून सुधारणा सुरू झाली. धोरण बदलले तर दिशाही बदलते, असा याचा अर्थ. घरे पाडून पुन्हा बांधता येतात. एकदा पडलेली गल्ली मात्र पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही.

याचा उलट धडा मुंबईतच आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार विश्वस्त मंडळाने दादर-माटुंग्यात आधी रस्ते आखले आणि मग भूखंड दिले. ती आखणी आजही उपयोगी पडते.

हा विषय केवळ महानगरांचा नाही. १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या हिंगोली जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार शहरी लोकसंख्या जेमतेम १५ टक्के होती. सेनगाव तालुक्यातील गोरेगावसारख्या गावांभोवती आजही शेते आहेत. म्हणजेच चूक टाळण्याची संधी शिल्लक आहे. मात्र ग्रामपंचायत ही नियोजन प्राधिकरण नसते. त्यामुळे अभिन्यासाला मंजुरी देताना शेजारच्या गटाशी रस्ता जोडण्याची अट जिल्हा पातळीवरच घालावी लागेल.

जमीन सोडायची कोणी, हा आक्षेप खरा आहे. १९६६ च्या कायद्यातील नगररचना योजनेत त्याचे उत्तर आहे. तिच्यात सारे मालक थोडी थोडी जमीन देतात आणि प्रत्येकाला रस्त्यालगतचा भूखंड परत मिळतो. ही तरतूद गावांच्या वेशीपर्यंत नेली नाही, तर शासनाने नियमित केलेल्या वसाहतींतील रस्ते बांधाशीच अडत राहतील.