भुतांचे वारकरी

‘दिवाळीसाठी काहीतरी खुसखुशीत पाठवा,’ असे संपादकांचे पत्र दरसाल येते. यंदा मी भुतांवर लिहिणार म्हटल्यावर घरातून पहिला निषेध झाला. सणासुदीला हा अभद्र विषय कशाला, म्हणे. परंतु वाचकहो, धनत्रयोदशीला दक्षिणेकडे वात करून यमाला दिवा दाखवणारे आपण लोक. पलीकडच्या मंडळींशी आपले एवढे काय वाकडे आहे?

तेव्हा कबुली देऊनच टाकतो. गेली पन्नास वर्षे मी भुताचे सिनेमे पाहत आलो आहे. कोणाला नाट्यगीतांचा नाद असतो, कोणाला पत्त्यांचा, तसा मला हा. फरक इतकाच की नाट्यगीतांचा नाद चारचौघांत सांगता येतो. आमच्या परभणीला 1995 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, नारायण सुर्वे अध्यक्ष होते. गावात एवढी मोठी पंगत बसली याचा मला कोण आनंद! पण पुस्तकांच्या दालनात मी नारायण धारपांची कादंबरी घेतली ती एका कवितासंग्रहाच्या पोटात लपवून घरी आणली. वाटेत एका प्राध्यापकांनी वरचे पुस्तक पाहून माझ्या अभिरुचीचे कौतुकही केले. ते मी मुकाट्याने स्वीकारले.

आमच्या जातीच्या लोकांचे संमेलन मात्र परभणीत फार पूर्वीपासून भरत होते. त्याला अध्यक्ष नव्हता की स्वागत समिती नव्हती. फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. हिंदू-मुसलमान सगळेच जातात. पाळणे, मिठाईची दुकाने, मौत का कुआँ, आणि माझ्या लहानपणी तंबूतला सिनेमा. दादा (माझा थोरला भाऊ, सहा वर्षांनी मोठा) मला तिथे प्रथम घेऊन गेला तेव्हा मी चौदा वर्षांचा असेन. बाहेर कर्णा ओरडत होता, ‘कमजोर दिलवाल्यांनी येऊ नये.’ साहजिकच सगळे कमजोर दिलवाले तिकिटाच्या रांगेत उभे होते.

खेळ होता ‘दो गज जमीन के नीचे’. चित्र 1972 चे, आमच्याकडे पोहोचेपर्यंत त्याची रिळे चांगलीच झिजली होती. बायकांना एका बाजूला, पुरुषांना दुसऱ्या बाजूला बसायचे, खाली मातीच. थंडीने अंग काकडलेले. मागे यंत्र घरघरत असे आणि तंबूचे कापड वाऱ्याने फुगले की पडद्यावरचा वाडाही हलत असे. नवऱ्याला मारून पुरतात आणि तो परत येतो, एवढीच गोष्ट. ऐन मोक्याला रीळ तुटले. काळोखात पाचशे माणसे, आणि कोणीही शिट्टी वाजवली नाही. माझ्या डाव्या दंडावर कोणाचा तरी हात घट्ट बसला होता. दिवा लागल्यावर पाहतो तो एक अनोळखी, चांगला मिशाळ गृहस्थ! हात सोडवून घेत तो म्हणाला, ‘थंडी आहे हो फार.’

तो हात मी अजून विसरलो नाही. एकट्याने भ्यायला तर कोणालाही येते. इतकी माणसे एकमेकांना धरून भितात, तेव्हा तिची एक पंगत होते.

या रामसे बंधूंची हकीगत मोठी गमतीची आहे. वडिलांचे कराचीत रेडिओचे दुकान होते, फाळणीनंतर मंडळी मुंबईला आली. 1970 साली त्यांनी ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ काढला आणि तो आपटला. पण पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात, त्या प्रसंगाला लोक हमखास ओरडत, हे मुलांनी थिएटरात बसून हेरले. बाकीचे चित्र वजा करून तेवढाच प्रसंग वाढवायचा, असा हिशेब त्यांनी केला. नामांकित समीक्षकांनी नाके मुरडली. पण ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणून ज्या गावांची थट्टा होते, त्या गावांनी रामशांना पोसले. याचा मला अभिमान आहे.

1984 साली ‘पुराना मंदिर’ आला तोवर दादाचे लग्न झाले होते. वहिनीला भुताच्या सिनेमाची अतोनात भीती, आणि अतोनात हौसही. टॉकीजच्या बाल्कनीत ती दोघांच्या मधे बसे. संगीत वाढू लागले की पदर तोंडावर घेई आणि पदराआडून विचारी, ‘अहो, गेला का?’ दादा पडद्याकडे नीट पाहून सांगे, ‘थांब… अजून आहे… गेला. उघड डोळे.’ सामरी नावाचा तो सैतान, ज्याचे काम अनिरुद्ध अगरवाल या सहा फुटांहून उंच इंजिनियराने केले होते, वहिनीने अखेरपर्यंत धडपणे पाहिलाच नाही. तरी शेजारणींना ती त्याचे वर्णन इतके बारकाईने सांगे की मला माझ्या डोळ्यांचा संशय येई. मी स्वतः कधी डोळे मिटले नाहीत. त्याची मला घमेंड होती.

वहिनी गेली त्याला बरीच वर्षे झाली. त्यानंतर दादाने सिनेमा सोडला. मी दोन-तीनदा आग्रह केला. शेवटी एकदा तो म्हणाला, ‘त्या सिनेमात मेलेलं माणूस दारात उभं राहतं आणि घरचे किंचाळतात. कामून किंचाळतात रे? मी तर आत बोलावीन.’ यावर मी काय बोलणार? पुन्हा विषय काढला नाही.

मध्यंतरी दादाची मुलगी, जी मुंबईत असते, तिने फोन केला. ‘काका, इथे कॉमिक कॉन आहे, चला. बाबांनाही आणा.’ चित्रकथा, सिनेमे, त्यांतली पात्रे यांच्या भक्तांचे हे संमेलन आपल्याकडे 2011 साली दिल्लीत सुरू झाले, पुढे मुंबईतही भरू लागले. दादा म्हणाला, ‘दिवसाउजेडी भुतं पाहायला तिकीट कशाला?’ मग मी एकटाच देवगिरी एक्सप्रेसने निघालो.

अमेरिकेत ही प्रथा जुनी. तिथे फॉरेस्ट अ‍ॅकरमन नावाच्या गृहस्थाने 1958 पासून केवळ राक्षसांच्या सिनेमांना वाहिलेले मासिक चालवले. सिनेमातले मुखवटे आणि वस्तू यांनी त्याचे घर भरले होते आणि शनिवारी ते तो परक्या भक्तांना मोकळे ठेवी. 1974 साली न्यूयॉर्कला त्याच्या मासिकाच्या नावाने संमेलनही भरले. हे वाचल्यापासून माझ्या मनात होते की एकदा तरी अशा ठिकाणी आपण जावे, आणि पुस्तक लपवू नये.

मुंबईचे ते दालन म्हणजे दिव्यांचा नुसता झगमगाट. पिशाच्चे वडापाव खात होती. एका रबरी राक्षसाने मला ‘काका, फोटो?’ म्हणून विचारले आणि दुसऱ्याच क्षणी मुखवटा काढून मटकन खाली बसला. घामाने निथळत होता बिचारा. पुतणीने त्याला पाणी दिले. सामरी त्याला ठाऊक नव्हता. तंबूची गोष्ट मात्र त्याने तीनदा विचारून घेतली. रीळ तुटल्यावर नेमके काय झाले, माणसे पळाली कशी नाहीत, तो मिशाळ गृहस्थ पुन्हा भेटला का. आजूबाजूला आणखी चार-पाच भुते जमली. आयुष्यात पहिल्यांदा मी या विषयावर उभ्याने भाषण दिले, आणि ते रंगलेही. परतीच्या गाडीत मात्र एक गोष्ट टोचत राहिली. एवढ्या गर्दीत कोणी भ्याले नव्हते. मीसुद्धा नाही.

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ 2018 सालचा. त्याच्या मुळाशी आमच्या धारपांच्या कथेचे बीज. 13 सप्टेंबर 2024 रोजी तो पुन्हा लागला आणि दुसऱ्या खेपेला त्याने पहिल्यापेक्षा जास्त गल्ला केला. त्या सुमारास आम्ही दोघे एका बारशासाठी नांदेडला गेलो होतो. दादाला काही न सांगता मी दोन तिकिटे काढली. थिएटरच्या दारात पाटी वाचून तो माझ्याकडे पाहत राहिला, मग म्हणाला, ‘पैसे वाया नको जायला.’

त्या चित्रात पाऊस थांबतच नाही. महिन्याच्या आरंभी परभणीत पावसाने दाणादाण उडवली होती, म्हणून सुरुवातीला दादा तेवढ्यावरच बोलत होता. पुढे ती साखळदंडातली म्हातारी आली. तिला मरण नाही, अंगातून झाड उगवले आहे, आणि तरी ती जिवंतच. दादा हळूच म्हणाला, ‘सुटका नाही म्हातारीची.’ मी उत्तर देऊ शकलो नाही, कारण पासष्टीच्या या घमेंडखोर इसमाने दोन्ही डोळे गच्च मिटले होते.

थोड्या वेळाने मी विचारले, ‘दादा, गेलं का ते?’

काही क्षण तो बोललाच नाही. मला वाटले, उठून गेला की काय. मग अगदी जुन्या आवाजात उत्तर आले, ‘थांब… अजून आहे… आता उघड.’