फोटो मुलीचा, गुन्हा दुसऱ्याचा, शिक्षा मात्र मुलीलाच

जानेवारी २०२६ च्या सुरुवातीला ग्रोक या एआय बॉटवरून देशात मोठा गदारोळ झाला. एक्सवर कुठल्याही बाईच्या फोटोखाली एक ओळ लिहायची आणि बॉटने तिला तोकड्या कपड्यांत दाखवणारे चित्र सगळ्यांसमोर टाकायचे, असा तो प्रकार होता. महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेल्या खासदार प्रियंका चतुर्वेदी यांनी केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांना पत्र लिहिले. २ जानेवारीला मंत्रालयाने एक्सला नोटीस पाठवून ७२ तासांत अहवाल मागितला. इंडोनेशिया आणि मलेशियाने ग्रोक काही काळ बंदच केले. कंपनीने काय केले? आधी चित्रांची ही सोय पैसे भरणाऱ्यांपुरती ठेवली आणि टीका वाढल्यावर खऱ्या व्यक्तींच्या फोटोंवर बंधने घातली. म्हणजे मधले काही दिवस बाईची बेअब्रू ही सशुल्क सेवा होती.

गदारोळ शमला, पण हा धंदा ग्रोकपासून सुरू झालेला नाही. टेलिग्रामवरच्या अशाच एका बॉटने एक लाखाहून अधिक स्त्रियांचे बनावट नग्न फोटो तयार केल्याचे २०२० मध्येच उघड झाले होते. २०२३ मध्ये स्पेनमधील अल्मेंद्रालेखो या छोट्या शहरात वीसहून अधिक शाळकरी मुलींचे असे फोटो फिरले. ते बनवणारी मुले त्याच शहरातली, ओळखीतली होती. आपल्याकडे रश्मिका मंदानाचा बनावट व्हिडिओ नोव्हेंबर २०२३ मध्ये आला तेव्हा दिल्ली पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि जानेवारीत आरोपी पकडला. अभिनेत्रीमागे प्रसारमाध्यमे उभी राहिली. नर्सिंगला जाणाऱ्या किंवा पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या वस्तीतल्या मुलीमागे कोण उभे राहणार?

आम्ही वस्त्यांमध्ये मुली आणि महिला मंडळांसोबत काम करतो. असा फोटो फिरला की घरात पहिली गोष्ट होते ती मुलीचा मोबाईल काढून घेण्याची. मग कॉलेज बंद आणि त्यानंतर स्थळे बघायला सुरुवात. “फोटो टाकलासच कशाला?” हा प्रश्न तिला आई, मामा, शेजारीण सगळे विचारतात. ज्याने चित्र बनवले त्याला कोणी विचारत नाही. घरातली पहिली पदवीधर होऊ पाहणाऱ्या मुलीचे शिक्षण एका बॉटमुळे आणि चार लोकांच्या कुजबुजीमुळे तुटते, हे आम्हाला त्या चित्राइतकेच गंभीर वाटते. शिवाय फोटो न टाकण्याचा सल्ला कामाचाही नाही. ओळखपत्र, लग्नातला ग्रुप फोटो, व्हॉट्सॲपचा डीपी, यांतले काहीही बॉटला पुरते.

आता कायद्याकडे येऊ, कारण “फोटो खोटाच आहे ना, मग काय झाले” असे सांगून पोलीस ठाण्यातून परत पाठवले जाण्याची भीती असते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ नुसार अश्लील मजकूर प्रसिद्ध करणे किंवा पाठवणे हा गुन्हा आहे, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद. उघड लैंगिक कृती दाखवणारे चित्र असेल तर कलम ६७अ, पाच वर्षांपर्यंत. चित्र खरे की बनावट, यावर ही कलमे अडत नाहीत. आणि ‘पाठवणे’ यात ग्रुपवर फॉरवर्ड करणाराही येतो. “मी फक्त पुढे ढकलले” हा बचाव नाही.

मात्र एक पळवाट आहे. सज्ञान स्त्रीचे असे चित्र कोणी बनवून आपल्याच मोबाईलमध्ये ठेवले, तर ही दोन्ही कलमे लावणे अवघड जाते, कारण ती प्रसिद्ध करण्याबद्दल आणि पाठवण्याबद्दल आहेत. कलम ६६ई शरीराच्या खासगी भागाचे चित्र संमतीविना टिपण्याबद्दल आहे. बॉटने रचलेले शरीर तिचे नाहीच, असा युक्तिवाद तिथे होऊ शकतो. दक्षिण कोरियाने सप्टेंबर २०२४ मध्ये असे लैंगिक डीपफेक बाळगणे आणि पाहणे हाही गुन्हा ठरवला. आपल्याकडे मागणी करायचीच तर ही करावी.

मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर कायदा बराच कडक आहे. कलम ६७ब मध्ये असे चित्र तयार करणे, शोधणे, डाउनलोड करणे हे सगळे येते. पोक्सोच्या व्याख्येत २०१९ पासून संगणकावर बनवलेली चित्रेही आहेत. म्हणून अल्पवयीन मुलीचे असे चित्र नातेवाइकांना ‘दाखवायला’ म्हणूनही कोणी पुढे पाठवू नये.

खासगीपणाचा प्रश्न इथेच संपत नाही. २०२५ मध्ये आधी घिबली चित्रांची आणि मग साडीतल्या फोटोंची लाट आली, १४ एप्रिलला बाबासाहेबांशेजारी आपण उभे आहोत असे फोटो करून घेण्याची हौस आली. भावना समजू शकतो. पण त्यासाठी आपण लेकरांसकट सगळ्या घराचे चेहरे कुठल्या तरी अनोळखी ॲपला देतो आणि त्याचे पुढे काय होते ते विचारत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्क मानले. त्यानंतर आलेल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मात्र जी माहिती आपण स्वतः सार्वजनिक केली, तिला हा कायदा लागू नाही. सगळ्यांसाठी खुल्या खात्यावरच्या फोटोला त्याचे कवच नाही. खाते खासगी ठेवावे ते यासाठी, लाजेपोटी नव्हे.

प्रसंग आलाच तर आधी पुरावा. लिंक, खात्याचे नाव, तारीख, वेळ लिहून ठेवावी, चॅट पुसू नये. मग त्या माध्यमाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे मुलीने स्वतः किंवा तिच्या वतीने कोणी तक्रार करावी. बनावट नग्न चित्र अशा तक्रारीनंतर काढण्यासाठी २०२१ च्या नियमांनीच २४ तासांची मुदत घातली होती. सज्ञान स्त्रियांसाठी स्टॉप एनसीआयआय आणि अल्पवयीनांसाठी टेक इट डाउन या मोफत सेवा आहेत. त्यांत चित्र आपल्या फोनबाहेर जात नाही, फक्त त्याचा सांकेतिक ठसा जातो आणि सहभागी कंपन्या त्यावरून ते चित्र अडवतात. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांबाबतच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते.

पोलीस ठाण्यात हद्दीचे कारण ऐकून घेऊ नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, आणि नोंदवून घेतला नाही तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. मुलगी अनुसूचित जातीची आहे हे माहीत असून दुसऱ्या समाजातील कोणी हे केले असेल, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे लागतात का, हे फिर्याद लिहितानाच विचारावे. फिर्यादीत जातीचा उल्लेख राहून गेला तर पुढे त्यावरूनच वाद घातला जातो, म्हणून जातीच्या दाखल्याची प्रत सोबत न्यावी.