विश्लेषण : रजेचे अर्ज मोबाइलवर आले, पण नाकारलेल्या रजेची नोंद राहते का?

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतींतील फाउंड्री व मशिन शॉपमध्ये काम पाळ्यांमध्ये चालते. चैत्रातील जोतिबाची यात्रा, जूनमधील पेरणी, भाद्रपदातील गणपती अशा दिवसांत अनेकांना एकाच वेळी रजा हवी असते. हे अर्ज एका पडद्यावर दाखवणारी सॉफ्टवेअर आता लहान उद्योगांच्याही आवाक्यात आहेत. सोय झाली हे खरे. पण कामगाराच्या हक्काचे काय?

हे सॉफ्टवेअर काय दाखवते?

साधारण तीन गोष्टी : कोणाची किती रजा शिल्लक आहे, कोणत्या तारखेला किती जण रजेवर आहेत आणि कोणाचा अर्ज कोणाकडे प्रलंबित आहे. मुंबईच्या फ्रापे कंपनीचे ‘फ्रापे एचआर’ हे त्याचे एक उदाहरण. त्याची संगणकीय संहिता सर्वांसाठी खुली आहे. त्यात प्रत्येक कर्मचाऱ्याला रजा मंजूर करणारा अधिकारी नेमून देता येतो. ठरावीक तारखांना रजा बंद ठेवण्याची ‘लीव्ह ब्लॉक लिस्ट’ही तयार करता येते.

कागदी अर्जात अडचण कुठे होती?

चिठ्ठी सुपरवायझरच्या टेबलावर पडून राहिली, तर ती कधी दिली हे सिद्ध करणे कठीण असते. पडद्यावरील अर्जाला तारीख आणि वेळ चिकटते. अर्ज किती दिवस आणि कोणाकडे अडकला, हे त्यातून दिसते.

कायद्यात या नोंदीला महत्त्व का?

१९४८ च्या कारखाने कायद्यानुसार वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळत असे. त्यासाठी किमान १५ दिवस आधी लेखी अर्ज करावा लागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहितेने २४० दिवसांची अट १८० दिवसांवर आणली.

एरवी पुढच्या वर्षात ३० दिवसांपर्यंतच रजा नेता येते. मात्र कामगाराने मागूनही रजा दिली नाही, तर ती नाकारलेली रजा मर्यादेविना पुढे नेता येते. ही तरतूद जुन्या कायद्यात होती आणि नव्या संहितेतही आहे. दुकाने व आस्थापनांसाठीच्या राज्याच्या २०१७ च्या कायद्यात साठवणुकीची मर्यादा ४५ दिवस आहे. १५ दिवस आधी मागितलेली रजा मालकाने नाकारली, तर ४५ दिवसांवरील रजेचे पैसे मागता येतात.

म्हणजे ‘नाकारली’ या एका नोंदीला पैशाचे मोल आहे.

मग पळवाट कोणती?

बंद तारखांना सॉफ्टवेअर अर्जच स्वीकारत नसेल, तर कागदोपत्री कोणी रजा मागितलीच नाही आणि कोणी नाकारलीही नाही. ‘आधी तोंडी विचार, हो म्हटल्यावरच अर्ज टाक’ या पद्धतीनेही हेच होते. वर्षअखेर अहवालात नकार शून्य दिसतात. दुसरीकडे ठेकेदारामार्फत आलेल्या कामगाराचे नाव त्या यंत्रणेत नसेल, तर त्याची रजा ठेकेदाराच्या वहीतच राहते.

उद्योजकाचीही अडचण खरी आहे. भट्टी पेटलेली असताना निम्मी पाळी रजेवर गेली, तर ओतकाम थांबते. त्यामुळे गर्दीच्या तारखांना मर्यादा घालणे गैर नाही. पण अर्ज घेऊन कारणासह नाकारणे वेगळे आणि अर्जाचे दारच बंद करणे वेगळे.

आजारपणाचे कारण सर्वांना दिसते का?

ते यंत्रणेच्या मांडणीवर ठरते. कामाच्या नियोजनासाठी सहकाऱ्यांना ‘रजेवर’ एवढे कळणे पुरेसे असते. शस्त्रक्रिया, गर्भपात किंवा मानसिक उपचार यांची कागदपत्रे मंजुरी देणाऱ्यापुरतीच राहायला हवीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती सांभाळणाऱ्या संस्थेवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत.

काय तपासावे?

कामगाराने अर्जाचा क्रमांक किंवा पडद्याचे छायाचित्र जपून ठेवावे. यंत्रणा अर्ज घेत नसेल, तर लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. मालकाने बंद तारखा आधी जाहीर कराव्यात, नकाराचे कारण नोंदवण्याची सोय ठेवावी आणि कंत्राटी कामगारांनाही त्यात घ्यावे. शिल्लक रजेचा आकडा सगळीच सॉफ्टवेअर दाखवतात. ती रजा शिल्लक का राहिली, हेही नोंदीतून कळले पाहिजे.