फाईल राहिली पुण्यात!

पौष वद्य पंचमी. तंजावरजवळच्या तिरुवैयारु गावात, कावेरीकाठी, त्यागराजांच्या समाधीपाशी मांडव माणसांनी फुलून गेलेला. नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या पाच रागांतली पंचरत्न कीर्तनं शेकडो गायक-वादक एकत्र सादर करणार. समजा, पुण्याहून आलेल्या एक सासूबाई आणि त्यांची सून या गर्दीत बसल्या आहेत. सासूबाई हौसेनं कर्नाटक संगीत शिकलेल्या. त्यांच्या जुन्या वह्यांमधली स्वरलिपी सुनेनं घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलेली. आदल्या रात्री लॉजवर बसून तिनं लॅपटॉपवरून पुण्याचा कॉम्प्युटर ‘रिमोट डेस्कटॉप’नं जोडला, सासूबाईंनी सांगितलेल्या दुरुस्त्या केल्या, फाईल सेव्ह केली आणि निश्चिंत झोपली. सकाळी मांडवात इंटरनेट ठप्प. लॅपटॉपमध्ये शोधलं, तर फाईलचा पत्ताच नाही!

“अगं, रात्री सेव्ह केलंस ना?”

“केलं हो आई. पण ते पुण्यात झालं!”

सुनेचं उत्तर अगदी बरोबर आहे. रिमोट डेस्कटॉप ही दूरच्या कॉम्प्युटरची खिडकी. विंडोज एक्सपी प्रोफेशनलबरोबर २००१ साली ही सोय घरगुती कॉम्प्युटरवर आली आणि २०२० च्या कोरोनाकाळात अनेक घरांना तिची सवय झाली. लॅपटॉप तिरुवैयारुत असला तरी काम चालतं पुण्यातच. इकडून जातात ते कळा दाबल्याचे आणि माऊस हलवल्याचे निरोप, तिकडून येतं ते पडद्याचं चित्र. त्या चित्रातलं ‘डॉक्युमेंट्स’ही पुण्याचं आणि ‘डेस्कटॉप’ही पुण्याचाच. साहजिकच सेव्ह केलेली फाईल तिथंच राहते.

मग ती आपल्या लॅपटॉपवर आणायची कशी? तयारी जोडणीच्या आधी करायची. ‘रिमोट डेस्कटॉप कनेक्शन’ उघडलं की ‘शो ऑप्शन्स’वर, मग ‘लोकल रिसोर्सेस’वर आणि त्याखालच्या ‘मोअर’वर क्लिक करायचं. तिथं ‘ड्राइव्ह्ज’ दिसतात. त्यातल्या हव्या त्याच ड्राइव्हवर खूण करून मग ‘कनेक्ट’. आता पुण्याच्या कॉम्प्युटरवर ‘धिस पीसी’ उघडलं, की लॅपटॉपची ड्राइव्ह लॅपटॉपच्या नावासकट तिथं दिसते. ‘सेव्ह ॲज’ करताना तीच निवडायची आणि तिच्यातल्या आपल्या नेहमीच्या फोल्डरमध्ये फाईल ठेवायची.

त्याहून चांगली रीत म्हणजे फाईल आधी पुण्यात सेव्ह करावी, बंद करावी आणि मग तिची प्रत लॅपटॉपवर आणावी. थेट लॅपटॉपवर सेव्ह होत असताना मध्येच जोडणी तुटली, तर फाईल अर्धवट राहू शकते. लहान फाईल असेल तर तिकडे ‘कॉपी’ आणि इकडे ‘पेस्ट’ एवढंही पुरतं. मात्र त्यासाठी त्याच पानावरच्या ‘क्लिपबोर्ड’पुढं खूण हवी. शेवटी जोडणी तोडायची आणि फाईल लॅपटॉपवर एकदा उघडून पाहायची. इथंच बहुतेकांचा आळस होतो.

सावधगिरीही हवी. आपली ड्राइव्ह तिकडे दिसते, म्हणजे तिकडच्या कॉम्प्युटरला आपल्या फायली वाचता येतात आणि पुसताही येतात. म्हणून ही खूण फक्त खात्रीच्या कॉम्प्युटरसाठीच करावी. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ही सोय बंद असेल, तर ती मुद्दाम बंद केलेली असू शकते. पळवाट न शोधता तिथल्या जबाबदार माणसाला विचारावं.

पण एवढा खटाटोप कशासाठी? पुण्याची हार्डडिस्क उद्या बिघडली, तर सासूबाईंच्या वह्यांवरची सगळी मेहनत एका क्षणात जाईल, म्हणून. तिरुवैयारुला हे नव्यानं सांगायला नको. त्यागराज १८४७ साली गेले. त्यांची सुमारे सातशे पदं आज मिळतात, ती वालाजापेट, उमयाळपुरम आणि तिल्लैस्थानम इथल्या शिष्यशाखांनी कंठात आणि कागदावर जपली म्हणून. वालाजापेटचे वेंकटरमण भागवतर आणि त्यांचे पुत्र यांनी उतरवून ठेवलेल्या पोथ्या पुढे मदुराईच्या सौराष्ट्र सभेत जतन झाल्या. गाणं गुरूच्या घरी झालं, पण प्रत शिष्यानं आपल्या घरी नेली. तीच उरली.

पडद्यावर दिसतं ते सगळं आपल्यापाशी असतंच असं नाही. पुढच्या पंचमीला निघण्याआधी सुनेनं एक प्रत लॅपटॉपवर आणि एक पेनड्राइव्हवर घ्यावी. आणि सासूबाईंनी? त्यांनी मूळ वह्या जपून ठेवाव्यात. त्यांना इंटरनेट लागत नाही!