भावकीचं भांडण नव्हतं ते

पहिलं महायुद्ध म्हणजे युरोपातल्या एका मोठ्या घराची भावकी, असं सांगणारे लेख पुन्हा पुन्हा येत राहतात. नुकत्याच वाचलेल्या एका लेखात तर मांडणी अगदीच सोपी होती. राणी व्हिक्टोरियाचे तीन नातू इंग्लंड, जर्मनी आणि रशियाच्या गाद्यांवर बसले, त्यांचं आपसात पटेना, म्हणून लाखो माणसं खंदकांत मेली. वर निष्कर्ष असा की, राजघराण्यांची सोयरीक कळली की युरोपचं राजकारण कळलं. वाचून राग आला आणि तो अजून उतरलेला नाही.

आधी नाती पाहू. झार दुसरा निकोलस व्हिक्टोरियाचा नातू नव्हताच, नातजावई होता. त्याची बायको अलेक्झांड्रा ही व्हिक्टोरियाची मुलगी ॲलिस हिची लेक. पाचवा जॉर्ज आणि निकोलस हे मावसभाऊ खरे, पण डेन्मार्ककडून. दोघांच्या आया नवव्या ख्रिश्चनच्या मुली. कैसर विल्हेल्म हा जॉर्जचा आतेभाऊ. कैसर आणि झार यांचं रक्ताचं नातं जुळवायचं तर प्रशियाच्या तिसऱ्या फ्रेडरिक विल्यमपर्यंत मागे जावं लागतं. तो एकाचा पणजोबा, दुसऱ्याचा खापरपणजोबा. वंशावळीवरून इतिहास सांगणाऱ्यानं निदान वंशावळ तरी नीट वाचावी.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. या घराण्यांमध्ये नाती होती तेव्हा युद्धं झाली आणि नाती होती तेव्हाच शांतताही नांदली. मग नात्यानं सिद्ध काय होतं? १८६४ मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रियानं डेन्मार्ककडून श्लेस्विग आणि होल्स्टाइन हिसकावून घेतले. तेव्हा डेन्मार्कच्या राजाची मुलगी इंग्लंडच्या युवराजाची बायको होती आणि त्याच युवराजाची थोरली बहीण प्रशियाची सून. दोन वर्षांनी, १८६६ मध्ये, त्या बहिणीचा नवरा फ्रेडरिक प्रशियाच्या एका सैन्याचा सेनापती होता, तर धाकट्या ॲलिसचा नवरा हेसेच्या फौजेबरोबर ऑस्ट्रियाच्या बाजूनं उभा होता. सख्खे साडू समोरासमोर. त्याच युद्धात व्हिक्टोरियाचा चुलतभाऊ, हॅनोव्हरचा अंध राजा, आपलं राज्यच गमावून बसला. ते प्रशियानं घेतलं, म्हणजे व्हिक्टोरियाच्या लेकीच्या सासरनं. या युद्धांना कोणी भावकी म्हणत नाही, कारण तिथं प्रशियाच्या बिस्मार्कचं धोरण डोळ्यांना दिसतं.

आणि १९१४? त्याच्या आदल्या वर्षी, मे १९१३ मध्ये, कैसरच्या मुलीचं बर्लिनला लग्न झालं. नवरा मुलगा हॅनोव्हरच्या त्याच पदच्युत राजाचा नातू, आणि आईकडून जॉर्ज व निकोलस या दोघांचाही मावसभाऊ. दोघंही लग्नाला हजर होते. सत्तेचाळीस वर्षांचं वैर मिटलं, सोयरीक आणखी घट्ट झाली. पुढे चौदा महिन्यांत युद्ध पेटलं.

जुलैअखेरीस कैसर आणि झार एकमेकांना ‘विली’ आणि ‘निकी’ अशा सह्यांच्या तारा पाठवत होते. २९ जुलैच्या रात्री कैसरची तार आली आणि निकोलसनं सर्वंकष लष्करी जमवाजमवीचा हुकूम थांबवला. दुसऱ्या दिवशी दुपारी परराष्ट्रमंत्री सझोनोव्ह यानं त्याचं मन वळवलं आणि हुकूम पुन्हा निघाला. नात्याची सगळी ताकद एवढीच, एक दिवस. भावांनी युद्ध लावलं नाही. भावांना ते थांबवताही आलं नाही. रेल्वेची वेळापत्रकं, सेनाधिकाऱ्यांच्या योजना, बाल्कनमधली महत्त्वाकांक्षा, हे सगळं त्या तारांपेक्षा जड ठरलं.

फ्रान्स तर १८७० पासून प्रजासत्ताक होता. तो कोणाचा मावसभाऊ? आणि कोबुर्ग घराण्याचे वंशज बेल्जियम, इंग्लंड आणि बल्गेरिया या तिन्ही गाद्यांवर होते, त्यातला बल्गेरिया जर्मनीच्या बाजूनं लढला. रुमानियाचा राजा कैसरच्याच होहेनझोलर्न घराण्यातला असून १९१६ मध्ये कैसरविरुद्ध उतरला. १९१७ मध्ये झारच्या कुटुंबाला इंग्लंडमध्ये आसरा द्यायची वेळ आली, तेव्हा मावसभावाच्याच दरबारानं सरकारला माघार घ्यायला लावली.

वंशावळीवरून इतिहास सांगणाऱ्यांचा आणखी एक जुना हट्ट म्हणजे झारपुत्र अलेक्सेईचा हिमोफिलिया, म्हणजे रक्त न गोठण्याचा आजार, आतल्या आत लग्नं केल्यामुळे आला. मुलाला हा दोष आईच्या एक्स गुणसूत्रातून मिळतो. बाप नात्यातला असो वा परका, फरक पडत नाही. आतल्या आत लग्नांचे परिणाम पाहायचे तर स्पेनचा दुसरा कार्लोस पाहावा. त्याचे आईबाप मामा-भाची होते.

तो कार्लोसच मला माझ्या बाजूनं साक्षीला हवा आहे. वंशावळ निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. जिथं राज्य हीच मिळकत असते आणि वारसा हाच कायदा, तिथं ती दस्तऐवजासारखी वाचावी. १७०० मध्ये कार्लोस निपुत्रिक वारला. त्याची एक बहीण फ्रान्सच्या चौदाव्या लुईला दिलेली होती, दुसरी सम्राट लिओपोल्डला. दोन्ही घरांनी दावा सांगितला आणि १७०१ पासून १७१४ पर्यंत युरोप लढला. १८३७ मध्ये व्हिक्टोरिया गादीवर आली त्याच दिवशी हॅनोव्हर ब्रिटनपासून सुटलं, कारण तिथं पुरुष वारस असेपर्यंत स्त्रीला गादी नव्हती. ती गादी व्हिक्टोरियाच्या काकाकडे गेली. १९१४ मध्ये मात्र बर्लिन, पीटर्सबर्ग किंवा लंडनच्या गादीवर दुसऱ्या भावाचा दावा नव्हता.