फ्लॉपी द्या, पण पुसायला नको!

आज जरा कडक लिहितो, राग मानू नका.

जुने कॉम्प्युटर पुन्हा चालू करायची हौस हल्ली बऱ्याच जणांना लागली आहे. हौस चांगलीच. पण त्याला चालणारी फ्लॉपी लागते, आणि नवी आणणार कुठून? सोनीसारख्या कंपनीने २०११ मध्येच विक्री बंद केली. मग घरोघरी विचारणा होते, "काका, जुन्या फ्लॉप्या आहेत का?" आपणही म्हणतो, "घेऊन जा बाबा, माळा तरी मोकळा होईल." नेणारा काय करतो? फॉरमॅट मारतो! त्याला कोरी फ्लॉपी मिळाली, आपलं मात्र सगळं गेलं.

बँकेत लेजर पोस्टिंग मशीन आली तेव्हापासून फ्लॉपी हाताळली आहे. रोजचा बॅकअप, त्यावर तारखेचं लेबल, मग कुलूप. लेबल नाही म्हणजे फ्लॉपी कोरी, असं आम्ही कधी धरलं नाही. घरात का धरता?

नव्वदच्या दशकात आपल्यापैकी कितीतरी जणांनी वंशावळ, मंडळाचा हिशेब, स्मरणिकेचा मजकूर कॉम्प्युटरवर टाईप करून घेतला. १.४४ एमबी म्हणजे आज मोबाईलचा एक फोटोही मावत नाही, पण टाईप केलेली शेकडो पानं मावतात. आजोबांची वही शंभर वर्षांनीही डोळ्यांनी दिसते. फ्लॉपीला मशीन लागतं, आणि ती मशीनं संपत चालली आहेत.

कोणी म्हणेल, "कोण वाचणार ते?" अहो, आपण बुऱ्हाणपूरचे. इथलं सरकारी दप्तर हिंदीत. आपल्या घरांनी मराठीत काय लिहिलं, ते आपल्याच घरात सापडणार. तेही पुसलं तर नातवंडांना दाखवणार काय?

लालबागच्या पत्र्याखालचा उन्हाळा फ्लॉपीला मानवत नाही, आणि पावसाळ्यात बुरशी धरते. तेव्हा उशीर नको. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिट्टी सरकवून भोक उघडं करा, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जात नाही. पत्र्याचं झाकण सरकवून आतली चकती बघा. पांढरे डाग दिसले तर ड्राइव्हमध्ये घालू नका. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या फ्लॉप्याही खराब होतात. चांगली असेल तर यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह लावून आधी सगळं कॉपी करा. कॉम्प्युटरने "फॉरमॅट करू का?" विचारलं तर "नाही" म्हणा. सव्वापाच इंची मोठी फ्लॉपी यात बसत नाही, ती जाणकाराकडेच द्या.

मजकूर उघडल्यावर अगम्य अक्षरं दिसली तर फाईल बिघडली असं समजू नका. तो श्रीलिपी, आकृतीसारख्या जुन्या फॉन्टमधला असेल. युनिकोडमध्ये बदलता येतो.

आणि हौशी मंडळींनाही सांगतो. फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारं गोटेक नावाचं यंत्र मिळतं, त्यात पेनड्राइव्ह लावला की जुन्या कॉम्प्युटरला फ्लॉपीच वाटते. खरी फ्लॉपीच हवी असेल तर आधी मजकूर काढून घरच्यांच्या हातात द्या, त्यांनी बघून हो म्हटलं की मगच फॉरमॅट मारा. दुसऱ्याचं खातं आम्ही विचारल्याशिवाय बंद करत नव्हतो, तुम्हीही करू नका.