मांडी आणि मोकळी जमीन

दसरा उलटला की पेण-रोह्यात फराळाच्या ऑर्डरींची लगबग सुरू होते आणि त्याच सुमारास अनाथ मुलांची आठवणही होते. धाटावच्या कारखान्यांतून, मंडळांतून, शाळांतून त्यांच्यासाठी फराळाचे खोके निघतात. देणाऱ्यांबद्दल तक्रार नाही. पण दात न आलेल्या बाळाला चकलीचा काय उपयोग?

टाकलेली तान्ही मुले सांभाळण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. फुले दांपत्याचे बालहत्या प्रतिबंधक गृह १८६३चे, प्रार्थना समाजाचा पंढरपूरचा बालकाश्रम १८७५चा. तेव्हा बाळ जगले की भरून पावत असे. आज ते बसते कधी, चालते कधी, हेही विचारायला हवे.

वेन डेनिस या मानसशास्त्रज्ञाने तेहरानमधल्या अनाथालयांची पाहणी १९६०मध्ये प्रसिद्ध केली. दोन संस्थांत दुसऱ्या वर्षातल्या निम्म्याहून अधिक मुलांना आधाराशिवाय बसता येत नव्हते. चौथ्या वर्षातलीही बहुतेक चालत नव्हती. मुले आजारी नव्हती. दिवसभर पाठीवर निजवलेली, बाटली उशीला टेकवून पाजलेली. पालथे कधी घातलेच नाही, म्हणून ती रांगलीही नाहीत. बसल्या बसल्या सरकायची. तिसऱ्या संस्थेत मांडीवर घेऊन भरवत, पालथे घालत, टेकवून बसवत. तिथली मुले कितीतरी पुढे होती. पुढे बैरुतच्या एका संस्थेत बाळांना काही आठवडे रोज तासभर बसवून हाती वस्तू दिल्या, तेवढ्यानेही त्यांची वाढ झपाट्याने झाली.

आपल्या पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या कच्च्या मूर्ती फळ्यांवर ओळीने सुकत ठेवतात; हात लागला तर बिघडतात. बाळाचे नेमके उलटे.

सोडून दिलेल्या दोन वर्षांखालच्या बाळाला दत्तकासाठी मोकळे जाहीर करायला कायदा दोन महिन्यांची मुदत देतो. पुढे पालक मिळेपर्यंत आणखी वेळ जातो. कागदाला दोन महिने म्हणजे काहीच नाही. तेवढ्यात मांडीवरचे बाळ कुशीवर वळायला शिकते.

म्हणून यंदा खोका भरण्याआधी संस्थेला फोन करून एवढेच विचारा : तान्ह्यांना सांभाळणाऱ्या मावशी किती, आणि रात्री कोण असते? पाच-सहा घरांनी मिळून एका मावशीचा वर्षभराचा पगार उचलावा, बाळांना जमिनीवर पालथे घालायला सतरंज्या द्याव्यात. फोटोपुरते बाळ कडेवर घेऊ नये. त्याची ओळख उघड करणारा फोटो छापणे हा तर गुन्हाच आहे. एकदाच येणारे वीस हात त्याला नकोत, रोजचे दोन हवेत. त्या दोन हातांच्या पगाराची वर्गणी याच दिवाळीत काढा.